जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स का ओरडतो?

आपल्या जिल्ह्यात जमीन थोडी आणि पाऊस त्याहून थोडा. शेतीवर भागत नाही असा माणूस पुण्या-मुंबईची वाट धरतो, ऊसतोडीला जातो, नाही तर स्टीअरिंग हाती घेतो. धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक सोलापूरहून नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा असा हैदराबादकडे जाणारा, पूर्वीचा ९ क्रमांकाचा आणि आताचा ६५. दुसरा सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीडकडे वर जाणारा, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२. या दोन रस्त्यांवर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. कोणी क्लीनर, कोणी ड्रायव्हर, कोणी टायरवाला, आणि पंधरा-वीस वर्षे दुसऱ्याची गाडी हाकल्यावर धाडस करून स्वतःची जुनी गाडी घेतलेला एखादा मालक.

ही जुनी गाडी म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा वाटा असतो. पत्नीचे डोरले, भावाची भिशी, पतसंस्थेचे कर्ज, असे सगळे त्या चार चौकटींत ओतलेले असते. आणि एक दिवस गाडीतून घूं घूं असा आवाज यायला लागतो. पहिले आठ दिवस ड्रायव्हर टेपचा आवाज वाढवून घेतो. मग गॅरेज. तेथे काय बोलणे होते ते बहुतेक घरांना पाठ आहे.

"मिस्त्री, आवाज कशाचा आहे ते तरी सांगा."

"वहिनी, बॉक्स गेलाय. उघडल्याशिवाय मी काय सांगू?"

"मग उघडून किती लागतील?"

"ते उघडल्यावर कळेल."

मिस्त्री खोटे बोलतो असे नाही. त्याच्या दारात चार गाड्या उभ्या असतात, त्याला वेळ नसतो. पण उघडण्याआधी बरेच काही सांगता येते, हे मालकाला आणि घरातल्या हिशेब ठेवणाऱ्या बाईला माहीत असले पाहिजे. गिअरबॉक्सचा आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो, कोणत्या गिअरला वाढतो, एवढे नीट टिपले तर दोष कोणत्या भागात आहे याचा अंदाज अर्ध्या तासात बांधता येतो. त्याला पैसा लागत नाही. आणि कित्येकदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच.

आपल्याकडे चालतात त्या जुन्या गाड्या बहुतेक टाटाच्या, थोड्या अशोक लेलँडच्या. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, तरी म्हातारे ड्रायव्हर त्या गाडीला कितीतरी वर्षे मर्सिडीजच म्हणत. पुढे १२१०, १६१२, १६१३ असे नंबर आले. हा नंबर वाचायचा कसा हे अनेकांना ठाऊक नसते. पहिले दोन आकडे म्हणजे गाडीसकट भरलेले वजन, टनात. शेवटचे दोन म्हणजे इंजिनची ताकद, दहा-दहा हॉर्सपॉवरच्या हिशेबाने. म्हणजे १६१३ ही ढोबळमानाने गाडीसकट १६ टनांची आणि १३० हॉर्सपॉवरची. गाडीसकट हा शब्द विसरून ढोकी किंवा रांजणीच्या रस्त्याला जेव्हा ऊस टपावरून खाली ओघळेपर्यंत भरला जातो, तेव्हा तो जादा भार इंजिनपेक्षा आधी गिअरचे दात आणि बेअरिंग सोसत असतात. आवाजाचा उगम पुष्कळदा तेथे असतो, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे.

आत काय फिरते

आवाज ओळखायचा तर पेटीत काय आहे हे डोळ्यांसमोर हवे. क्लचकडून एक शाफ्ट आत येतो. त्याच्या टोकाला एक गिअर असतो. तो खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो. काउंटर शाफ्टवरचे गिअर वरच्या मेन शाफ्टवरच्या गिअरांमध्ये कायम गुंतलेले असतात. मेन शाफ्टवरचे गिअर शाफ्टवर मोकळे फिरतात. आपण दांडा टाकतो तेव्हा त्यातला एक शाफ्टला अडकतो आणि ताकद मागे जाते. अडकण्याआधी दोघांचा वेग सारखा करायला पितळी सिंक्रो रिंग असते. टॉप गिअर बहुतेक गाड्यांत सरळ असतो, म्हणजे क्लचकडचा शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना थेट जोडले जातात आणि काउंटर शाफ्ट भाराविना नुसता फिरतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की करावी. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन चालू आणि पाय क्लचवर नाही, तेव्हाही क्लचकडचा शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट फिरतच असतात. क्लच पूर्ण दाबला की ते थांबतात. पुढची सारी परीक्षा या एका गोष्टीवर उभी आहे.

उभ्या गाडीची परीक्षा

गाडी सपाट जागेवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके किंवा मोठे दगड लावावेत. इंजिन गरम होऊ द्यावे. केबिनमध्ये एक जण आणि खाली बाजूला उभा राहून ऐकणारा दुसरा. गाडीखाली शिरायचे नाही. प्रोपेलर शाफ्टपाशी लुंगीचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा ओढणी अडकली तर माणूस हाती लागत नाही.

न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला असताना घर्र-घर्र असा आवाज येतो, आणि क्लच दाबल्यावर तो विरत जातो, तर संशय क्लचकडच्या शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. मात्र लगेच पेटी उतरवायला सांगू नये. इंजिन लंगडत असेल, एखादा इंजेक्टर नीट काम करत नसेल, आयडलिंग फार कमी ठेवलेले असेल, तर इंजिनचे हिसके गिअरांच्या दातांत उतरतात आणि पेटी खडखडते. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल झाल्या तरी तसेच. आधी आयडलिंग थोडे वाढवून पाहावे. खडखड गेली तर दोष पुढे, इंजिनकडे शोधावा. घर्रघर्र तशीच राहिली, उलट वेगाबरोबर तिचा सूर चढला, तर बेअरिंग.

याच्या उलट, पाय काढलेला असताना गाडी शांत आणि क्लचवर नुसता पाय टेकवला की चिरचिर किंवा घरघर सुरू होते, तर तो क्लचचा रिलीज बेअरिंग आहे. गिअरबॉक्सच्या आतल्या कशालाही हात लावण्याची गरज नाही. घाटात आणि गावातल्या गर्दीत क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवायची सवय अनेक ड्रायव्हरांना असते. हा बेअरिंग त्या सवयीने खाल्ला जातो. पेडलला थोडी मोकळी खेळ न ठेवणे हेही त्याचे कारण. आवाज पेडल पूर्ण तळाला गेल्यावर, आणि गाडी गिअरमध्ये टाकून उभी ठेवली असतानाच येत असेल, तर फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगकडे पाहावे. कारण त्या वेळी फ्लायव्हील फिरते आणि शाफ्टचे टोक थांबलेले असते. हे दोन्ही बदलायला गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो हे खरे, पण तो उघडावा लागत नाही. मजुरीत आणि सामानात फरक पडतो तो इथे.

गिअर टाकताना किर्रर्र होत असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून क्लच पूर्ण दाबावा, मनात दहा आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत सिंक्रो नसतो. दहा मोजूनही तो किरकिरला तर क्लच पूर्ण सुटत नाही; ती अॅडजस्टमेंटची, क्लच सिलिंडरची किंवा प्लेटची गोष्ट आहे. रिव्हर्स शांतपणे पडतो पण चालत्या गाडीत तिसरा किंवा चौथाच किरकिरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. सिंक्रो झिजलेली गाडी डबल क्लच मारून हंगाम काढू शकते. जुन्या उस्तादांना ते येते, नव्या पोरांनी त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

रस्त्यावरची परीक्षा

आता गाडी रिकामी घेऊन मोकळ्या, सपाट रस्त्यावर जावे. ड्रायव्हरने चालवावे आणि शेजारी बसलेल्याने वहीत लिहावे. वही म्हटल्यावर लोक हसतात. पण आवाजाची आठवण फार फसवी असते. गॅरेजपर्यंत पोचेतो तिसऱ्याचा आवाज चौथ्याचा होतो.

खालच्या सगळ्या गिअरांत आवाज आहे आणि टॉपला आल्यावर तो बराच कमी होतो, तर काउंटर शाफ्टचे बेअरिंग किंवा त्याचे दात. टॉपला भार त्याच्यावरून जात नाही म्हणून तो गप्प बसतो. एकाच गिअरला आवाज आहे, तर त्या गिअरचे दात खडबडीत झाले आहेत किंवा तो ज्यावर मोकळा फिरतो तो निडल बेअरिंग गेला आहे. घूं घूं नव्हे तर टक्, टक्, टक् असा तालात आवाज येत असेल आणि तो वेगाबरोबर जलद होत असेल, तर दात तुटलेला असण्याची शक्यता फार. अशी गाडी तेथूनच हळू आणावी, भार भरू नये. तुटलेला तुकडा दोन गिअरांच्या मध्ये सापडला तर पेटीचे कवच फुटते.

टाकलेला गिअर उतारावर आपोआप सुटत असेल तर दांड्याला रबरी पट्टी बांधून चालवणारे लोक आहेत. घाटात गिअर सुटणे म्हणजे इंजिनचा अडसर एका क्षणात जाणे. कारण लहानही असू शकते, वरच्या झाकणातली गोळी-स्प्रिंग किंवा पेटीचे ढिले बोल्ट. मोठेही असू शकते, झिजलेली दातांची कड किंवा शाफ्टची वाढलेली खेळ. आधी लहान पाहावे.

राहिला तो आवाज, जो कोणत्याही गिअरला सारखाच येतो. सपाट रस्त्यावर ताशी ३०-४० च्या वेगात, इंजिन चालू ठेवून, क्षणभर न्यूट्रल करावे. इंजिनचा वेग उतरला तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर गिअरबॉक्सला बोल लावण्याआधी मागे पाहावे. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, मधला सेंटर बेअरिंग, क्राऊन-पिनियन, चाकाचे बेअरिंग. भार दिल्यावर एक सूर आणि पाय काढल्यावर दुसरा सूर, ही क्राऊन-पिनियनची खूण असते. सेंटर बेअरिंगच्या आवाजापायी चांगला गिअरबॉक्स उतरवल्याच्या गोष्टी प्रत्येक ट्रक अड्ड्यावर ऐकायला मिळतात.

ही परीक्षा येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटात करायची नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावे. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली की लायनर तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणाला धरत नाहीत. इंजिन बंद केले तर हवेचा दाब भरायचाही थांबतो.

तेल काय सांगते

इतके झाल्यावर, आणि तरीही पेटी उघडण्याआधी, तेल पाहावे. बाजूचा लेव्हल बोल्ट काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असले पाहिजे. कमी असेल तर ते कोठून गेले ते शोधावे. मागच्या सीलमधून गेले तर पेटीची शेपटी चिकट दिसते; पुढच्या सीलमधून गेले तर क्लच प्लेट भिजून क्लच घसरू लागतो. पुष्कळ गाड्यांचा आवाज नुसत्या कमी तेलाचा असतो. पण महिनोन् महिने कमी तेलावर चाललेली पेटी तेल भरले म्हणून पूर्ववत होईल, ही आशा धरू नये.

गाडी चालवून आणल्यावर, तेल कोमट असताना, स्वच्छ पाटीत किंवा घमेल्यात खालच्या बोल्टमधून ते सोडावे. बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ चिखल जमलेला दिसेल. तो जुन्या गाडीत असायचाच. बोटांना टोचणारे पोलादाचे कपचे, सुईसारखे निडलचे तुकडे निघाले तर मग पेटी उघडायलाच हवी. तेलात पितळी चमक म्हणजे सिंक्रो रिंग झिजते आहे. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर वरच्या श्वासनळीतून ते शिरते.

कोणते तेल, याबद्दल दुकानदारापेक्षा कंपनीच्या पुस्तकावर विश्वास ठेवावा. '९० नंबर' एवढे म्हणून भागत नाही. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ क्राऊन-पिनियनच्या कामाचे. त्यातली काही रसायने पितळेला मानवत नाहीत, म्हणून सिंक्रोच्या पेटीला अनेक कंपन्या जीएल-४ सांगतात. आवाज दबावा म्हणून जाड १४० नंबर ओतणे हा उपाय नव्हे. तो थंडीच्या सकाळी गिअर जड करतो आणि बारीक निडल बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. ओरडणारी पेटी व्यवहारापुरती गप्प करायला जाड तेल, ग्रीस, इतकेच नव्हे तर लाकडाचा भुसा भरण्याची लबाडी फार जुनी आहे. सौदा ठरण्याआधी मालकासमोर खालचा बोल्ट सैल करून वाटीभर तेल काढून पाहावे. तो नको म्हणाला तर इसार देऊ नये. दागिने मोडून आणलेल्या पैशाचा प्रश्न आहे, भीड कसली?

पेटी उतरलीच तर

काही गोष्टी मालकाने तेथे उभे राहून पाहाव्यात. पेटीचे वजन शंभर किलोच्या पुढे असते. ती जॅकवर किंवा साखळीवर नीट पेलूनच मागे ओढावी. पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलेला असताना पेटी लोंबकळत ठेवली तर प्लेट वाकते आणि नवा आवाज विकत मिळतो. प्रोपेलर शाफ्ट काढताना दोन्ही तोंडांवर खूण करावी, म्हणजे तो होता तसाच बसेल. पातळ शिमा कोठून किती निघाल्या ते लिहून, वेगवेगळ्या कागदांत बांधून ठेवावे. शाफ्टची खेळ त्यांच्यावर ठरते, आणि झाडताना त्या कचऱ्यात जातात.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, कोरडा करून, हाताने सावकाश फिरवून पाहायचा. हवेच्या पाइपाने तो गरगर फिरवण्याची हौस पोरांना असते. ती करू देऊ नये, तेल नसताना तो खराब होतो आणि फुटलाही तर जवळच्याला इजा होते. अडखळला, रिंगवर खड्डे दिसले, निळसर डाग दिसले तर बदलावा. त्यावर कोरलेला नंबर वहीत उतरवावा आणि त्याच नंबरचा, बिलासह घ्यावा. नवा बसवताना हातोडा मारायचा नाही. शाफ्टवर घट्ट बसणारा असेल तर आतल्या रिंगवरच दाब द्यायचा. तेलात साधारण ८० ते १०० अंशांपर्यंत गरम केला तर तो सहज सरकतो. गॅसच्या बत्तीने तापवलेला बेअरिंग नवा असूनही मेलेला असतो.

गिअरचा एक दात तुटला म्हणून तेथे वेल्डिंग भरून घासून देणारे मिळतात. पैसे वाचतात असे वाटते, पण तो दात पुन्हा सुटतो आणि सोबत्यांना घेऊन जातो. कायम गुंतलेल्या जोडीतला एक फार झिजला असेल तर दुसराही बदलावा; नवा आणि झिजलेला यांचे जमत नाही, ते आयुष्यभर ओरडतात. बाकी जे गिअर गुळगुळीत आहेत, ज्यांच्या दातांवर खड्डे नाहीत, ते बदलायचे कारण नाही. 'पूर्ण किट टाका' या सल्ल्यापुढे हा प्रश्न नम्रपणे विचारावा: "मामा, यातला कोणता खराब आहे तो मला दाखवा." चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो. आपल्या भागात असे मिस्त्री आहेत, न शिकता कानाने पेटी ओळखणारे, आणि त्यांचा हात आपल्या मुलांना मिळाला पाहिजे. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटार व्हेइकल दोन वर्षांचा आहे; ते करून अशा माणसाच्या हाताखाली वर्षभर राहिलेल्या मुलाला काम शोधत फिरावे लागू नये.

वेळेचेही पाहावे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते, तेव्हा गाडी दोन-चार दिवस उभीच असते. ही परीक्षा तेव्हा किंवा विजयादशमीच्या आधी, उसाला गाडी लागण्यापूर्वी करून घ्यावी. भर हंगामात पेटी उतरली की मजुरीपेक्षा बुडालेल्या फेऱ्या महाग पडतात, टोळीची उचल अंगावर असते आणि पतसंस्थेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. लहान बेअरिंगचा आवाज तसाच ठेवला तर शाफ्ट आपली जागा सोडतो, दात तिरके घासतात, आणि जे काम एका बेअरिंगवर सुटले असते ते दोन शाफ्टांवर जाते.

पेटी बसल्यावर लेव्हल बोल्टपर्यंत नवे तेल भरून, आधी उभ्या गाडीवर क्लचची तीच परीक्षा करावी, मग रिकामी गाडी प्रत्येक गिअरला चालवून पाहावी आणि वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडावी. पहिल्या फेऱ्या निम्म्या भाराने कराव्यात. हजारेक किलोमीटरनंतर ते तेल एकदा सोडून बोल्टवरचा चुंबक पुन्हा पाहावा. बदललेले जुने बेअरिंग आणि गिअर मागून घ्यावेत, घरी आणावेत, आणि बिलासोबत त्याच वहीत किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा.